फियाटची समोरची काच उतरवताना

माझ्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्या कुटुंबाकडे वापरात होती. पुढे ती बरीच वर्षे सरकीच्या गोदामात उभी राहिली आणि तिथून आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी आली. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगची कामे झाली, गाडी रस्त्यावर धावू लागली. परंतु पहिल्याच पावसाळ्यात डॅशबोर्डच्या खालून पाणी टपकू लागले आणि पायाखालची मॅट ओली राहू लागली. पाणी येत होते ते समोरच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून. बाहेरून पाहिले तर रबर जागच्या जागी होते, त्यातली चकचकीत पट्टीही शाबूत होती. मात्र रबरावर नख दाबले तर ते जराही दबत नव्हते आणि कोपऱ्यांच्या वळणावर बारीक भेगांचे जाळे पडलेले होते.

अशा गळतीवर आमच्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे काचेच्या कडेने बाहेरून सिलिकॉन भरणे. त्याच्या आधीच्या काळात लोक डांबर फासत. दोन्ही उपायांनी पाणी काही काळ थांबते, पण जे पाणी आधीच रबराच्या मागे शिरलेले असते त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते पत्र्याच्या कडेवर बसून राहते. रंगकाम करणारेही बहुधा काच न काढता रबरावर कागद चिकटवून रंग मारतात. त्या रंगाची कड रबरापाशी उघडी राहते आणि पुढे तिथूनच पापुद्रे सुटू लागतात. मला गळती थांबवायची होती आणि गाडी रंगवायचीही होती; पण रबराखालचा पत्रा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या दोन्हींपैकी काहीही करण्यात अर्थ नव्हता. म्हणून पट्टी, रबर आणि काच हे तिन्ही पूर्ण उतरवायचे ठरवले.

याला आणखी एक कारण होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्या त्यांत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी मिळते आणि गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, त्यामुळे ती घ्यावी की नाही हे मी अजून ठरवलेले नाही. पण ‘मूळ रूप’ ही अट मला मनापासून पटते. काचेभोवतीची ती पट्टी गाडीच्या चेहऱ्याचा भाग आहे आणि ती एकदा मोडली की तिच्या मापाची दुसरी शोधत जुन्या बाजारांत फिरावे लागते. रबराचे तसे नाही. डिलाइटचीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. नावे आणि पुढच्या तोंडावरच्या जाळ्या बदलल्या, पण गाडीचा सांगाडा बहुतांशी तोच राहिला. लाखोंनी धावलेल्या पद्मिनीसाठी बनणारे काचेचे रबर आजही मिळते.

आर्वीच्या ज्या मिस्त्रीकाकांनी माझ्या गाडीचे ब्रेक केले होते त्यांच्याशी मी या कामाविषयी बोललो. त्यांनी उमेदीची वर्षे अँबेसेडर आणि फियाट यांच्यातच काढलेली आहेत. रबर सावकाश काढून जपावे का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, हे रबर काही आपल्याले परत लावाचं नाही. मंग त्याले कायले जपता? कापा त्याले. जपाची हाय ते पट्टी.” या कामात जे नुकसान होते ते जवळजवळ नेहमी काय कापायचे आणि काय जपायचे याचा क्रम उलटा झाल्याने होते, हे मला काम करताना पदोपदी जाणवले. रबर वाचवण्यासाठी माणूस पट्टीला पेचकस लावतो, पट्टी वाकते. मग चिडून काचेला जोर देतो आणि काच जाते.

हे रबर काय काम करते ते आधी समजून घेतले पाहिजे. आडवा छेद घेतला तर रबराच्या दोन बाजूंना दोन खाचा दिसतात. एका खाचेत काचेची कड बसते आणि दुसरीत गाडीच्या पत्र्याची उभी कड, म्हणजे जिथे छताचा, खांबांचा आणि डॅशबोर्डाचा पत्रा जोडून एक ओठ तयार केलेला असतो तो. या दोन खाचांखेरीज बाहेरच्या अंगाला तिसरी, अरुंद चीर असते आणि त्या चिरेत धातूची पट्टी दाबून बसवलेली असते. पट्टी शोभेची आहेच, पण ती आत असताना रबर फाकून काचेवर आणि पत्र्यावर अधिक घट्ट आवळले जाते. पट्टी निघाली की रबराची पकड ढिली होते. म्हणून आधी पट्टी, मग रबर, मग काच, हाच क्रम बरोबर आहे. पट्टी जागेवर असताना काच आतून ढकलून एकदम काढण्याची जी घाईची रीत आहे, तिच्यात पट्टीला कोपऱ्यांवर पीळ बसतो आणि तो पुढे कधीच पूर्ण निघत नाही.

काम चैत्रात, उन्हाळवाही आटोपल्यावर आणि कडक ऊन सुरू होण्याआधीच्या सकाळी करायचे ठरवले. उन्हात रबर मऊ पडते, तेव्हा भर दुपारी काम सोपे जाईल, असे काहींनी सुचवले होते. नव्या रबराच्या बाबतीत ते खरे आहे. पन्नास वर्षांच्या रबराला मात्र आमच्या भागातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळाही पुन्हा मऊ करू शकत नाही, कारण ऊन आणि हवेतला ओझोन यांनी त्याची रचनाच बदललेली असते. शिवाय दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, पट्टी तापून ताणलेली असते आणि तापलेल्या काचेवर गार पाणी पडण्याचा धोका असतो. सकाळी सावलीत, गाडी गार असताना हात स्थिर राहतात.

सर्वांत आधी गाडीचा पुढचा भाग भरपूर पाण्याने आणि साबणाने धुतला. स्वच्छतेच्या हौसेपेक्षा काचेच्या काळजीपोटी हे करावे लागते. वाऱ्याने उडून आलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, कठिणता काचेपेक्षा जास्त असल्यामुळे पात्याखाली सापडलेला असा एक कण काचेवर कायमचा ओरखडा पाडू शकतो. स्वच्छ काचेवरून पोलादी पाते आडवे धरून फिरवले तर काही होत नाही. वायपरचे दोन्ही हात आणि आतला आरसा काढला, बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर जाड गोधड्या पसरल्या. माझा पुतण्या मदतीला होता. दोघांनीही हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मे चढवले.

पट्टी दोन तुकड्यांत होती. डावा आणि उजवा असे दोन तुकडे वर मध्यभागी आणि खाली मध्यभागी एकमेकांना भिडत होते आणि त्या सांध्यांवर एकेक छोटी टोपी बसवलेली होती. ही टोपी वर उचकटायची नसते, बाजूला सरकवायची असते. आमच्या गाडीत वरची टोपी सहज सरकली, खालची गंजाने आणि जुन्या रंगाने धरून ठेवली होती. तिच्या कडेने गंज सोडवणारे तेल सुईने सोडले, थोडा वेळ जाऊ दिला आणि बांबूची कामटी टेकवून लाकडी हातोडीने हलके ठोके दिले, तेव्हा ती हलली.

कामटीचा उल्लेख मुद्दाम करतो. पट्टीच्या जवळपास कोणतेही पोलादी हत्यार न्यायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. वेळूच्या कामट्या तासून त्यांची टोके चपटी आणि गोलसर केली होती. कामटी रबरात शिरण्याइतकी कडक असते, पण पट्टीवर घासली तर पट्टीऐवजी स्वतःच झिजते.

हात लावण्यापूर्वी पट्टी कोणत्या धातूची आहे हे पाहणे गरजेचे आहे. चुंबक चिकटला तर पट्टी स्टीलची, पण तो चिकटला नाही तर काही ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमप्रमाणेच स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांनाही तो धरत नाही. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला टाचणीने किंचित ओरखडून पाहावे. ॲल्युमिनियमवर ओरखडा लगेच उठतो. स्टीलची पट्टी थोडी वाकली तर ठोकून सरळ करता येते, ॲल्युमिनियमची एकदा मुरडली की त्या जागी चीर जाते. माझ्या गाडीची पट्टी स्टीलची निघाली, त्यामुळे मनावरचा भार बराच हलका झाला.

तरीही ती ओढून काढायची नव्हती. तिच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या असतात आणि रबराच्या चिरेचे दोन ओठ त्या कडांना वरून धरून ठेवतात. रबर लवचीक असताना ओठ फाकवून पट्टी वर काढता येते; आमच्या रबराचे ओठ फाकत नव्हते, तुटत होते. म्हणून पट्टीच्या आतल्या कडेला, म्हणजे काचेच्या बाजूला, रबराचा ओठ पूर्ण लांबीभर कापून टाकला. साबणाच्या पाण्यात बुडवलेले कटरचे पाते काचेला जवळजवळ समांतर धरायचे आणि बोटभर अंतर कापून झाले की पुन्हा पाण्यात बुडवायचे, अशी गती ठेवली. पाते पत्र्याच्या बाजूला मात्र अजिबात जाऊ दिले नाही, कारण तिथे रंगाखाली पडलेला ओरखडा पुढच्या गंजाची सुरुवात ठरतो. कापलेला ओठ काळ्या, कडक सालीसारखा तुकड्या-तुकड्यांनी निघाला आणि पट्टीची दुमडलेली कड प्रथमच दिसली. तिच्या आतल्या बाजूचा मूळ चकाकीचा रंग इतका ताजा होता की बाहेरच्या पृष्ठभागावर किती मळ चढला आहे हे तेव्हा कळले.

वरच्या सांध्यापासून सुरुवात करून पट्टीचे टोक कामटीने किंचित उचलले. इथून पुढे दोन माणसे लागतातच. पुतण्याने सुटलेले टोक तळहातावर आधाराला घेतले आणि मी कामटी एकेक वीत पुढे सरकवत गेलो. सरळ भागात पट्टी सहज निघते. कसोटी असते ती कोपऱ्यावर. काच वक्र आहे, त्यामुळे कोपऱ्यावर पट्टी एकाच वेळी दोन दिशांनी वळलेली असते, एकदा चौकटीच्या आकाराप्रमाणे आणि एकदा काचेच्या फुगवट्याप्रमाणे. अशा जागी सुटलेला लांब भाग स्वतःच्या वजनाने खाली लोंबला तर वळणापाशीच घडी पडते. आम्ही कोपऱ्याच्या दोन्ही अंगांचा सरळ भाग आधी मोकळा केला, कोपरा शेवटपर्यंत जागेवर ठेवला, आणि मग दोघांनी दोन टोके धरून पट्टी तिच्या स्वतःच्या वळणाच्या दिशेने, बाहेर आणि किंचित खाली अशी उचलली. डावा तुकडा निघाल्याबरोबर त्याच्या पाठीवर कागदी टेप लावून बाजू आणि वरचे टोक लिहून ठेवले. दोन्ही तुकडे दिसायला आरशातल्या प्रतिमेसारखे असतात, पण इतक्या वर्षांत प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्याचा आकार घेतलेला असतो. निघालेल्या पट्ट्या भिंतीला टेकवून न ठेवता रुंद फळीवर पूर्ण लांबीला आधार मिळेल अशा आडव्या ठेवल्या आणि सुती पट्ट्यांनी बांधल्या.

पट्टी निघाल्यावर रबर कापणे सोपे होते. काचेवर बाहेरून येणारा उरलेला भाग सगळीकडे कापून काढला. फक्त खालच्या बाजूचा सर्वांत कमी खराब झालेला वीतभर तुकडा मुद्दाम अखंड ठेवला आणि तो शेवटी नीट कापून घेतला. नवीन रबर घेताना हाच तुकडा नमुना म्हणून बरोबर न्यायचा असतो. गाडीचे नाव आणि साल सांगून दुकानदार जे रबर देतो ते काचेच्या खाचेला बसेलही, पण पट्टीच्या चिरेची रुंदी आणि पत्र्याच्या खाचेची जाडी नमुन्याशी जुळवून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

काचेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. समोरची काच दोन प्रकारची असू शकते. एक टफन्ड, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेली, जी फुटली तर तिचे बारीक चौकोनी तुकडे होतात. दुसरी लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा असलेली, जी तडकली तरी एकत्र राहते. कड उघडी पडल्यावर लॅमिनेटेड काचेत मधली रेघ दिसते. आमच्या काचेत ती नव्हती, आणि पोलराइज्ड गॉगल लावून तिरपे पाहिले तेव्हा काचेत ठिपक्यांची नक्षी दिसली, जी टफन्ड काचेतल्या ताणामुळे दिसते. याचा अर्थ असा की काचेच्या मध्यभागी बऱ्यापैकी दाब चालेल, पण कडेवर लागलेला एक लहानसा टोला संपूर्ण काच क्षणात संपवू शकतो. मी रोज महामार्गावर जाणार असतो तर या निमित्ताने लॅमिनेटेड काच बसवली असती, कारण चालत्या गाडीत टफन्ड काच फुटली तर चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. माझी गाडी गावापासून तालुक्यापर्यंत संथपणे जाते आणि मूळ काच निर्मळ आहे, म्हणून तीच ठेवली.

मिस्त्रीकाका काच काढण्याच्या वेळी मुद्दाम आले होते. मी आतून वरच्या कोपऱ्याला तळहात लावला तेव्हा त्यांनी थांबवले आणि म्हणाले, “काचेले ढकलू नका जी, तिले वाट करून द्या.” त्यांनी आतल्या बाजूने रबराचा जो ओठ पत्र्यावर बसलेला होता तो वरच्या कडेने कामटीने मोकळा करत नेला आणि मला फक्त हात टेकवून ठेवायला सांगितले. ओठ दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुटल्यावर काच जराशा दाबानेच पुढे झुकली. बाहेर पुतण्या आणि काका दोन्ही बाजूंनी तयार होते, त्यांनी ती खालच्या कडेवर टेकवत अलगद उचलली. उतरवलेली काच आडवी ठेवायची नसते. वक्र काच आडवी ठेवली की तिचा भार दोन टोकांवर येतो. आम्ही ती माजघरात, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर, गोधडीच्या घडीवर लांब कडेने उभी केली आणि मागे गादी लावली.

आता पत्र्याची कड उघडी पडली आणि गळतीचे खरे कारण दिसले. वरच्या आणि बाजूच्या कडा चांगल्या होत्या. कारखान्यातला मूळ रंगही तिथे शाबूत होता. खालच्या कडेला मात्र रबराच्या मागच्या खोबणीत काळ्या मातीचा घट्ट थर बसला होता आणि त्यात कापसाचे तंतू व कडुलिंबाच्या काड्या अडकल्या होत्या. आमची काळी माती कशी असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि ते फार काळ धरून ठेवते. पावसाळा संपून महिना उलटला तरी या खोबणीत ओल टिकत असणार. मातीच्या वर कधीतरी फासलेले डांबर होते, आणि दोन्ही कोपऱ्यांत आधीच्या कुठल्याशा दुरुस्तीत गंजलेली भोके लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली होती. पेचकसाच्या टोकाने टोचल्यावर लांबीचा खपला आख्खा निघून आला आणि मागे पत्र्याऐवजी तपकिरी भुगा होता.

डांबर खरवडून उरलेले रॉकेलच्या फडक्याने पुसले आणि नंतर ती जागा साबणाने पुन्हा धुतली. काच आणि रबर दूर असल्यामुळेच इथे रॉकेल चालले. गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून टाकला. नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा घेतला. या ठिकाणी काकांनी जो आग्रह धरला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. साधारणपणे ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून वेल्डिंग केले जाते, कारण ते सोपे असते. काचेच्या कडेला तसे केले तर त्या जागी पत्र्याची जाडी दुप्पट होते, रबराची खाच तिथे पूर्ण बसत नाही, आणि काच त्या एका ठिकाणी उचलली जाऊन कायम ताणाखाली राहते. बसवल्यानंतर काही आठवड्यांनी, कोणी हातही न लावता तडकलेल्या काचांचे मूळ पुष्कळदा अशा ठिगळात असते. काकांनी तुकडा कापलेल्या जागेच्या नेमक्या मापाचा केला, कडेला कड भिडवून टाके दिले आणि वेल्डिंग घासून सपाट केले. जुन्या रबराचा नमुना त्या कडेवर सरकवून पाहिला. तो कुठेही न अडकता कोपऱ्यातून पुढे गेला, तेव्हाच त्यांनी मशीन आवरले. उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, धुऊन वाळवले, इपॉक्सी प्रायमरचे हात दिले आणि खोबणीसह संपूर्ण कड रंगवून घेतली.

रबर मुंबईहून मागवले. नमुन्याच्या छेदाचा फोटो आणि खाचांची मापे आधी पाठवली होती, त्यामुळे योग्य तेच आले. विकत घेताना ते ईपीडीएम या कृत्रिम रबराचे आहे का हे आवर्जून विचारावे. साध्या रबराच्या रेणूंच्या साखळीत ज्या दुहेरी जोडण्या असतात त्यांवर हवेतला ओझोन हल्ला करतो आणि ताणलेल्या जागी, म्हणजे नेमक्या कोपऱ्यांवर, भेगा पाडतो. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत तशा जोडण्या नसल्यामुळे आमच्या उन्हात ते कितीतरी अधिक टिकते. मात्र त्याला ग्रीस, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावू नये. पेट्रोलियम पदार्थांनी ते फुगते आणि सैल पडते. बसवताना वंगण म्हणून साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन वापरावे. गाडी अजून रंगवायची असेल तर सिलिकॉनचे फवारेही टाळावेत, कारण त्याचा अंश पत्र्यावर राहिला की नव्या रंगात डोळ्यांसारखे बारीक खळगे पडतात.

दरम्यान पट्ट्यांचे काम केले. दोन ठिकाणी जुने पोचे होते; ते मागून सागाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने वर आणले, पुढून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासले आणि शेवटी आर्वीच्या एका भांडी पॉलिश करणाऱ्याच्या चाकावर धरले. फिरणारे चाक पातळ पट्टीची कड पकडून ती हातातून हिसकावून घेऊ शकते. म्हणून पट्टी लाकडी पट्टीवर बांधून, कड नेहमी चाकाच्या फिरण्याच्या दिशेला ठेवूनच काम करावे.

परत बसवण्याची रीत उतरवण्याच्या अनुभवावरूनच ठरली. रबर आधी काचेवर चढवले, काच बाहेर गोधडीवर असतानाच पट्टी चिरेत बसवली, आणि पत्र्याच्या खाचेत सगळ्या बाजूंनी नायलॉनची दोरी घालून तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी आत सोडली. काच बाहेरून जागेवर टेकवल्यावर काका आतून दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढत गेले. दोरी जिथे निघेल तिथे रबराचा ओठ पत्र्यावर चढत गेला आणि मी बाहेरून त्याच जागेवर तळहाताने थाप देत गेलो. कोपऱ्यांवर दोरी सर्वांत जड होते. तिथे घाई केली तर ओठ फाटतो, म्हणून साबणाचे पाणी पुन्हा सोडून तेवढाच भाग सावकाश ओढला. सर्वांत शेवटी दोन्ही सांध्यांवर टोप्या सरकवल्या.

पाण्याची परीक्षा विहिरीवरच्या मोटारीला नळी जोडून केली. नळीचा झोत एकदम वरून न सोडता खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर नेला, म्हणजे पाणी कुठे शिरते ते कळते. पुतण्या आत कोरडा कागद घेऊन कोपऱ्यांवर बसला होता. डावा कोपरा कोरडा राहिला. उजव्या कोपऱ्यात कागदाला ओलाव्याचा डाग दिसला. तिथे रबराचा ओठ किंचित मुडपला होता, तो कामटीने बाहेर काढून बसवल्यावर पुन्हा पाणी सोडले आणि कागद कोरडा निघाला. बाहेरून कोणताही सिलिकॉन भरला नाही.

मागच्या काचेचे रबरही तितकेच जुने आहे. तिथे अजून गळती नाही, परंतु त्याही खोबणीत काळी माती साचलेली असणार हे उघड आहे. कपाशीचे वेचे संपल्यावर ती काच उतरवायची आहे. रबराची मागणी आताच नोंदवली असून कामट्या, दोरी आणि पट्ट्यांची फळी त्याच कामासाठी माळ्यावर ठेवली आहे.